बुधवार नसलेली तबकडी

नोवी साद शहराच्या लिमान वस्तीतला गाव्रा गाण्यांचा शौकीन होता असं कुणी म्हटलं, तर ते अर्धंच खरं. गाव्रा सिंगलचा शौकीन होता. सिंगल म्हणजे ती बशीएवढी छोटी तबकडी, एका अंगाला एक गाणं, दुसऱ्या अंगाला दुसरं, विषय संपला. मोठ्या तबकडीला तो लग्नाची पंगत म्हणायचा. दोन पदार्थ खाण्यासारखे, बाकीचे जागा भरायला. कॅसेट म्हणजे नाडी. सीडी म्हणजे दाढीचा आरसा. फोनमधल्या गाण्यांविषयी विचारलं तर तो नुसता उठून खिडकी उघडायचा, खोलीत कुणी काही सोडल्यासारखी.

"सिंगल माणसाला उठवते," हे त्याचं लाडकं वाक्य. तीन मिनिटं झाली की जागेवरून उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. ज्याच्यासाठी उठावं लागत नाही ते गाणं कसलं, असा त्याचा सवाल. ऐकायला हे फार छान वाटायचं. गंमत अशी, की गाव्रा स्वतः त्यांच्यासाठी फारसा उठायचाच नाही, कारण तो त्या वाजवायचाच नाही.

नवी सिंगल घरी आली की तो हात साबणाने धुऊन यायचा, तबकडी कडेने धरायचा, दिव्याखाली तिरकी करून बघायचा आणि खात्री करण्यापुरती एकदा वाजवायचा. मग ती पाकिटात, पाकीट फळीवर, फळीपुढे काच. वाजवली की झिजते, हे त्याचं दुसरं लाडकं वाक्य. पहिल्या वाक्याशी त्याचं जमत नाही, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. गाव्रा जन्मभर शहर बसच्या कार्यशाळेत वीजदुरुस्तीचं काम करत होता. मूलबाळ झालं नाही. जी खोली बाळाच्या पाळण्यासाठी मोकळी ठेवली होती तिच्यात हळूहळू फळ्या चढल्या, आणि त्या खोलीला 'लहान खोली' म्हणायची सवय मात्र तशीच राहिली.

बायको यागोदा कधीमधी विचारायची, की या ऐकायच्या तरी कधी? गाव्रा म्हणायचा, निवृत्त झालो की. निवृत्त झाल्यावर म्हणायचा, हिवाळा लागू दे.

"म्हणजे बुधवारी," यागोदा म्हणायची आणि स्वतःशीच हसायची.

बुधवारच का, हे गाव्राने कधी विचारलं नाही. बायकांचं काहीतरी असतं, असं म्हणून तो सोडून द्यायचा. त्याला न कळलेल्या सगळ्या गोष्टी तो याच खात्यात टाकायचा, आणि ते खातं बरंच मोठं होतं.

यागोदा फुतोगची. कोबीचं गाव ते. लग्न होऊन आली तेव्हा तिने दोन दुलया, एक शिवणयंत्र आणि एक सिंगल आणली होती. एकच. मधल्या लेबलवर निळ्या शाईत तिचं नाव होतं, कारण शनिवारी गावच्या सभागृहात नाच असायचा, मुली आपापल्या तबकड्या घेऊन जायच्या आणि नाव घातलं नाही तर तबकडी दुसरीच्या घरी जायची. पाकिटावर अक्रोडाच्या दारूचा डाग होता. गाण्यात एक ओरखडा होता आणि तिथे सुई उडी मारायची. गाव्राने ती तबकडी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात दिव्याखाली धरली आणि त्याचा चेहरा असा झाला, की यागोदाला वाटलं दुलईला कसर लागली.

पुढे काही वर्षांनी त्याने जे केलं ते कुठल्याही संग्राहकाने केलं असतं, आणि दुसऱ्या कुणीही केलं नसतं. रविवारच्या नायलॉन बाजारात, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, तेमेरिन गावचा शांदोर जुन्या तबकड्या घेऊन बसायचा. त्याच्याकडे तेच गाणं गाव्राला कोरं करकरीत सापडलं, न वाजवलेलं, लेबल स्वच्छ. गाव्राने बदल्यात दोन चांगल्या सिंगल दिल्या आणि वर यागोदाची ती डागाळलेली सिंगल दिली, भाजीवर कोथिंबीर द्यावी तशी. घरी येऊन नवी तबकडी तिच्यापुढे भेटवस्तूसारखी धरली.

यागोदाने ती बघितली. "छान आहे," म्हणाली. जुनी कुठे आहे, असं विचारलं आणि उत्तर ऐकून पुन्हा "छान आहे" म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरात एक छोटा रेडिओ आणून ठेवला, आणि तेव्हापासून त्या घरात रेडिओ वाजत राहिला. गाव्राला वाटलं, बायकोला बातम्यांची आवड लागली.

यागोदा पडली ती कोबीच्या दिवसांत. बाल्कनीत पिंप मांडून ती हिवाळ्याचा कोबी मुरायला घालत होती. गाव्राने आतून काहीतरी आपटल्याचा आवाज ऐकला आणि त्याला आधी लहान खोलीचीच काळजी वाटली. हे त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण त्याला ते विसरता आलं नाही. बाल्कनीत यागोदा पिंपाला टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, हातात मिठाची मूठ तशीच.

इस्पितळातून ती घरी आली ती पलंगावरच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण ते कशावर ठरायचे नाहीत. तिला किती कळतं, या प्रश्नावर डॉक्टरांनी खांदे उडवले. दर दोन-तीन दिवसांनी घरी येणाऱ्या परिचारिकेने तिला कुशीवर कसं वळवायचं, कसं भरवायचं ते शिकवलं आणि जाता जाता सांगितलं, की तिच्या आवडीची गाणी लावत जा, कधी कधी त्याने आत काहीतरी हलतं.

गाव्रा लहान खोलीत जाऊन उभा राहिला. चारही भिंतींवर तबकड्या. यागोदाला यातलं काय आवडतं? तो खूप वेळ उभा राहिला आणि त्याला कळलं, की आपल्याला माहीत नाही. माहीत होतं ते फक्त एक गाणं, कारण ते ती माहेराहून घेऊन आली होती.

त्याने ती कोरी तबकडी काढली. प्लेयर पलंगाशेजारी नेऊन ठेवला. घरी आणल्या दिवसानंतर पहिल्यांदाच सुई तिच्यावर टेकली. गाणं अगदी साधं, त्या काळी समुद्रकाठच्या महोत्सवांत गायचे तसलं. प्रियकर सांगतो, सोमवारी येईन, मंगळवारी येईन, बुधवारी तर नक्की येईन, गुरुवारी मात्र वाट पाहू नकोस.

'बुधवारी' या शब्दाला यागोदाच्या डाव्या हाताची तर्जनी दुलईवरून वर उचलली गेली. जरा थांबली. 'गुरुवारी' आलं तशी खाली गेली.

गाव्राने पुन्हा लावलं. पुन्हा बुधवार आला, पुन्हा बोट उठलं. त्या दिवशी तो बाथरूममध्ये नळ सोडून रडला. इतके आठवडे ज्या बाईला तो वळवत होता, पुसत होता, भरवत होता, ती आत होती. कुठेतरी खोल, पण होती, आणि बोट वर करून तसं सांगत होती.

मग ते रोजचंच झालं. सकाळची कॉफी झाली की गाव्रा हात धुऊन यायचा, सुई ठेवायचा आणि बोटाकडे बघत बसायचा. वाजवली की झिजते हे त्याला ठाऊक होतं, त्याने ते मनातून काढून टाकलं. परिचारिका म्हणाली, याचा काही अर्थ असेलच असं नाही. गाव्राने तिला कॉफी दिली आणि तिच्याशी वाद घातला नाही. त्याचा सगळा दिवस त्या एका बोटावर उभा होता.

नववर्षानंतर फुतोगहून स्मिल्या आली, यागोदाची लहानपणापासूनची मैत्रीण. खसखस भरलेला रोल घेऊन आली, मैत्रिणीचे केस विंचरले, तिच्याशी गावच्या चार कुटाळक्या केल्या आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसली. गाव्राने मोठ्या अभिमानाने तिच्यासमोर सुई ठेवली. बोट उठलं. स्मिल्याचं हसू मावळलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं.

"ही तिची नाही."

"तेच तर गाणं आहे."

"गाणं तेच रे. तबकडी तिची नाही. तिच्या तबकडीत बुधवार नव्हता."

मग स्मिल्याने स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. यागोदाच्या तबकडीवर सुई मंगळवारवरून थेट गुरुवारवर उडायची. सभागृहात सगळ्यांना ते पाठ होतं, तिथे सगळे मिळून एक उडी मारायचे आणि पुढचं पाऊल टाकायचे. बाहेरगावचा कुणी पोरगा आला की तो तिथे हमखास अडखळायचा आणि फुतोगच्या पोरी त्याला हसून बेजार करायच्या. पुढे तर गावात बोलण्यात आलं, की यागोदाकडे बुधवार नसतो. आज करणार नाही, उद्या करणार नाही, कधीच करणार नाही, अशा कामाला बुधवारचं काम म्हणू लागले.

गाव्रा ऐकत होता. निवृत्तीच्या गाण्यांचा बुधवार, हिवाळ्याच्या गाण्यांचा बुधवार, सगळे बुधवार त्याच्यापुढे एकेक करून येऊन बसले.

"तू लग्नाचं विचारलंस तेव्हा ती काय म्हणाली होती?" स्मिल्याने विचारलं.

"बुधवारी ये म्हणाली. मी गेलो."

"ती तुला 'नाही' म्हणाली होती, गाव्रा."

गाव्राने कॉफीचा कप खाली ठेवला.

"आणि तू बुधवारी दारात हजर," स्मिल्या म्हणाली. "इस्त्रीचा सदरा, हातात कार्नेशनची फुलं. आम्ही आत तोंडात ॲप्रन कोंबून हसत होतो. मी म्हटलं, घालव त्याला. तर ती म्हणते कशी, अगं, याच्याकडे बुधवार आहे. असा माणूस पुन्हा कुठे मिळायचा मला?"

"मला कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलंस?"

स्मिल्या पुढचं हळू आवाजात बोलली. यागोदाने तिला एकदाच सांगितलं होतं, की गाव्राने तबकडी बदलून आणली. रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, चांगला माणूस आहे, त्याला फक्त ओरखडा दिसतो.

"मग ती बोट का उचलते?" गाव्राने विचारलं.

"चूक दाखवते तुला. बुधवार कुठून आला, म्हणते."

स्मिल्या गेली आणि गाव्राच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. इतके दिवस तो ज्याला खूण समजत होता ती तक्रार होती. पलंगावरच्या त्या बाईला एकच गोष्ट हवी होती, तिच्याजवळ ती सांगायला एकच बोट होतं, आणि तो रोज सकाळी तिला ती नाकारत होता. तिची तबकडी तिला परत मिळाली पाहिजे.

रविवारी यागोदाजवळ शेजारीण बसवून तो नायलॉन बाजारात गेला. शांदोर नेहमीच्या जागी होता, कानटोपीत, समोर खोक्यांची रांग. गाव्राने विचारलं आणि शांदोरने आधी आजूबाजूच्या चार विक्रेत्यांना हाक मारून गोळा केलं.

"ऐका रे! उभा जन्म हा माझ्याशी केसाएवढ्या ओरखड्यावरून भांडला. आज ओरखडा विकत मागतोय."

सगळे हसले. एकाने आपल्याकडचं सगळं खोकं पुढे ढकललं, म्हणाला, घे, इथे ओरखडेच ओरखडे, तबकड्या फुकट. गाव्राने खोक्यात बघितलंही नाही. मग शांदोरने त्याचा चेहरा नीट बघितला आणि बाकीच्यांना हाकललं. यागोदाचं त्याच्या कानावर आलं होतं.

ती तबकडी शांदोरने विकलीच नव्हती. त्याच्या भावाच्या खानावळीत नाणं टाकून गाणी वाजवणारा ज्यूकबॉक्स होता. त्याचा मधला खुंट जाड, म्हणून शांदोरने ड्रिलने तबकडीचं भोक मोठं करून घेतलं. लेबल गेलं, त्याबरोबर निळ्या शाईतलं नावही गेलं. काही वर्षं ती तिथे वाजली. लोक नाणं टाकायचे आणि बुधवार गेला म्हणून शिव्या घालायचे. मग कॅसेट आल्या, ज्यूकबॉक्स भंगारात गेला, आणि तबकड्या गेल्या शांदोरच्या चेरीच्या बागेत.

"बागेत कशाला?"

"साळुंक्यांसाठी. चल, दाखवतो."

तेमेरिनच्या त्या बागेत झाडं उघडी होती आणि फांद्या-फांद्यांना दोऱ्याने सीडी टांगलेल्या होत्या. हिवाळी उन्हात त्या भगभगत होत्या. शांदोर चालता चालता माहिती देत होता, आणि अगदी मनापासून देत होता. पहिल्यांदा सिंगल टांगल्या, त्यांना पाखरं भीकच घालेनात, वर बसून चेरी खायची. मग कॅसेटच्या फिती या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणल्या. वारा आला की त्या गुणगुणायच्या, ते बरं होतं, एक मोसम गेला. सीडीला मात्र तोड नाही.

"तू आयुष्यभर वाद घालतोस ना, कशात काय भारी म्हणून? साळुंक्यांना विचार," शांदोर म्हणाला. एरवी गाव्रा यावर तासभर बोलला असता.

सिंगल काढून बांधाला टाकल्या होत्या. दोघांनी काटक्यांनी पालापाचोळा उकरला. निघाल्या त्या सगळ्या उन्हाने वाकलेल्या, वाट्यांसारख्या. गाव्राने एकेक उचलून कोटाला पुसली आणि शेवटच्या खाचेजवळ कोरलेला कारखान्याचा आकडा डोळ्यांशी नेऊन वाचला. त्या गाण्याचा आकडा त्याला पाठ होता. पाचोळ्याच्या तळाशी ती निघाली. आकडा तोच. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तबकडीच्या खाचांवर अंगठा ठेवला आणि आतल्या बाजूला सरकवत नेला. ओरखडा लागला. लांब, तिरका. तो तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला.

"ही वाजणार नाही, गाव्रा," शांदोर म्हणाला. "त्यापेक्षा माझ्या सुनेला सांगतो. फोनमध्ये गाणं घेईल, बुधवार कापून टाकेल, हा हा म्हणता. यागोदाला काय कळणार आहे?"

"असलं खोटं मला तिच्यापुढे न्यायचं नाही."

"आणि तुझी ती कोरी तबकडी? ती खरी होती?"

गाव्राने वाकडी तबकडी कोटाच्या आत धरली आणि बसथांब्याकडे चालू लागला.

घरी त्याने ती दोन काचांमध्ये दाबून मंद आचेवर ओव्हनमध्ये ठेवली, संग्राहक ठेवतात तशी. तबकडी सपाट झाली, पण इतक्या उन्हाळ्यांनी आणि वर ओव्हनने तिच्या खाचा पार मिटल्या होत्या. सुई तिच्यावरून घसरत थेट मधल्या मोठ्या भोकाकडे जायची. आवाज म्हणाल तर नुसती खरखर.

मग त्याने ते केलं. हात साबणाने धुतले, सवयीने. कोरी तबकडी टेबलावर घेतली, शेजारी यागोदाची ठेवली. तिच्यावरच्या ओरखड्याचा तिरकेपणा, लांबी, सुरुवात आणि शेवट त्याने नीट बघून घेतला. यागोदाच्या शिवणयंत्राची सुई चिमट्यात धरली. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या धसक्याने त्याने माणसांना लहान खोलीत येऊ दिलं नाही, ती गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने केली. तबकडीवर ओरखडा ओढला. ओरखड्याचा आवाज त्याच्या दातांत गेला.

प्लेयर लहान खोलीत नेऊन, दार लावून त्याने ती वाजवून बघितली. सोमवारी येईन. मंगळवारी येईन. बुधवारी तर नक्की येईन. आणि सुई उडाली ती पुढे न जाता मागे. बुधवारी तर नक्की येईन. बुधवारी तर नक्की येईन. बुधवारी तर नक्की येईन. ओरखडा उलट्या बाजूला तिरका गेला होता, किंवा खोल गेला होता, किंवा हात चळला होता. काय झालं ते कळून काही उपयोग नव्हता. जो बुधवार काढायला तो बसला होता, त्याच्याशिवाय त्या तबकडीत आता काही उरलं नव्हतं.

कित्येक दिवस त्याने यागोदाजवळ काहीच वाजवलं नाही. तिला भरवताना तो तिच्याकडे बघायचं टाळायचा. स्वयंपाकघरातला रेडिओ त्याने लावायला घेतला आणि नको वाटून बंद केला. शेवटी त्याने शांदोरला फोन केला आणि एवढंच म्हणाला, की सुनेला सांग.

शांदोर स्वतः आला, दारात बूट काढून, कानटोपी हातात घेऊन. यागोदाला नमस्कार केला, पलंगाच्या कडेला जरा अवघडून बसला आणि फोन तिच्या उशीशी धरला. सुनेचं काम झकास होतं. सोमवारी येईन, मंगळवारी येईन, गुरुवारी मात्र वाट पाहू नकोस. मध्ये जोडही कळत नव्हता. गाव्रा बोटाकडे बघत होता.

बोट उठलं नाही.

"बघ," शांदोर म्हणाला. "पटलं तिला." त्याचे डोळे भरून आले होते. "आता कसलं बोट उचलेल? आता सगळं बरोबर आहे ना."

"पुन्हा लाव," गाव्रा म्हणाला.

पुन्हा लावलं. त्यानंतरही पुन्हा लावलं. यागोदाचा हात दुलईवर तसाच पडलेला. शांदोरने गाणं गाव्राच्या फोनमध्ये घालून दिलं, फळांच्या दारूचा, राकियाचा, एक पेला घेतला, गाव्राच्या पाठीवर थाप मारली आणि मोठं काम झाल्याच्या समाधानात निघून गेला. समाधान व्हायला त्याची काय चूक होती?

गाव्रा मात्र पलंगाशेजारी बसला आणि त्याला हळूहळू उमगत गेलं. ती चूक दाखवायला बोट उचलत होती, तर आता चूक उरली नाही, म्हणून बोट उठणार नाही. ती शांत झाली असेल. किंवा त्या मधल्या दिवसांत, तो तिच्याकडे बघायचं टाळत होता तेव्हा, ती निघूनही गेली असेल आतून. दोन्हींत दिसायला काही फरक नव्हता. तिला हवं ते दिलं आणि ती आहे की नाही हे कळायची एकुलती एक वाट त्याने बुजवली.

आणि एक गोष्ट स्मिल्यालाही ठाऊक नव्हती, ठाऊक असणं शक्यच नव्हतं. कदाचित तक्रार नसेलच ती. जिच्या गाण्यात कधी बुधवार नव्हता तिला रोज सकाळी बुधवार ऐकू येत होता. बुधवारी एक माणूस इस्त्रीचा सदरा घालून दारात आला होता. तो आला, असं म्हणत असेल ते बोट. हे आता तिला कसं विचारायचं?

कोबीचं पिंप बाल्कनीत अर्धवटच होतं, मीठ किती घालायचं ते त्याला माहीत नव्हतं आणि आता सगळं सडून त्याचा वास दाराच्या फटीतून आत येत होता. गाव्रा उठला. लहान खोलीतून प्लेयर आणि ती कोरी, आता कोरी नसलेली, तबकडी घेऊन आला. हात धुवायला विसरला. प्लेयर पलंगाशेजारी ठेवला आणि सुई टेकवली.

सोमवार आला. मंगळवार आला. मग बुधवार आला आणि जाईचना. बुधवारी तर नक्की येईन. बुधवारी तर नक्की येईन. बुधवारी तर नक्की येईन. गाव्रा यागोदाच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. सुईची दांडी जरा ढकलली असती तर गाणं पुढे गेलं असतं, पण पुढे गुरुवार होता. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. त्याने दांडीला हात लावला नाही.

"यागोदा," तो म्हणाला. "मी आलोय."

तबकडी फिरत राहिली आणि बोट दुलईवर होतं तिथेच होतं.